अपवर्क: सातासमुद्रापारच्या कामाची आडत

बाजार समितीत माल घेऊन गेलेल्याला आडत्या दोन गोष्टी देतो: गिऱ्हाईक आणि पैशाची हमी. घरबसल्या काम करणाऱ्यांना गिऱ्हाईक जोडून देणारी अपवर्क ही वेबसाइटही परदेशी आयटी कामासाठी तेवढंच देते आणि त्याची आडत घेते. फरक एवढाच की इथे बोली लावायचेही पैसे पडतात आणि तोलाई दर दहा मिनिटांनी होते.

१९९९ ची ईलान्स आणि २००३ ची ओडेस्क या दोन कंपन्यांनी २०१३ च्या डिसेंबरात विलीनीकरण जाहीर केलं आणि २०१५ मध्ये नाव झालं अपवर्क. ओडेस्क काढणारे दोघे ग्रीक मित्र. एक अमेरिकेत, दुसरा ग्रीसमध्ये. लांब बसलेल्या माणसाचं काम नजरेखाली कसं ठेवायचं, या अडचणीतून ती कंपनी निघाली. त्यामुळे काम चालू असताना तुमच्या स्क्रीनचे फोटो काढणारं ॲप, म्हणजे ट्रॅकर, ही मागाहून चिकटवलेली सोय नव्हे, दुकानाचा पायाच तो आहे. हिंजवडीतल्या कंपनीला अमेरिकेचं काम मिळतं तेव्हा दोन प्रकल्पांमधले रिकामे दिवस, म्हणजे बेंच, कंपनी सोसते. इथे तो बेंच तुमच्या घरातल्या खुर्चीचा, आणि बिनपगारी.

आधी गेटपास. अर्ज करायला 'कनेक्ट्स' लागतात, एकाची किंमत १५ सेंट. बऱ्या कामाला डझनभर कनेक्ट्स सहज जातात, आणि अर्ज वर दिसावा म्हणून 'बूस्ट' केलात, म्हणजे जादा कनेक्ट्स लावले, तर तो सरळसरळ लिलाव. १२ कनेक्ट्सचा एक अर्ज धरला तर ३० अर्जांचे ५४ डॉलर होतात, आणि तीसमधल्या एकालाही उत्तर येईल याची हमी नाही. अपवर्कच्या सेवेतली सगळ्यात न पटणारी गोष्ट हीच. पूर्वी काम मिळालं तरच कंपनी कमवायची, आता न मिळालेल्या कामावरही कमावते.

म्हणून अर्ज कमी आणि निवडून करावेत. गिऱ्हाइकाच्या नावाखालच्या बारीक अक्षरांत सगळं असतं: पैसे भरण्याची पद्धत पडताळलेली आहे का, टाकलेल्या कामांपैकी किती वेळा खरंच माणूस घेतला, आजवर तासाला सरासरी किती दिले. सरासरी ६ डॉलर असेल तर तो तुम्हाला ३० देणार नाही, कितीही सुरेख लिहा. अर्जांच्या यादीत त्याला तुमच्या पत्राच्या पहिल्या दोनच ओळी दिसतात. त्या 'डिअर सर, आय ॲम अ हार्डवर्किंग…' मध्ये घालवू नका. त्याच्या अडचणीचं नाव घेऊन सुरुवात करा: 'तुमचं चेकआउटचं पान मोबाइलवर अडकतंय, कारण अमुक स्क्रिप्ट आधी लोड होते.'

आडतीचा दर अनेकदा बदलला आहे. २०१६ पासून एका गिऱ्हाइकाच्या पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के, पुढे १०,००० पर्यंत १०, त्यावर ५ अशी उतरंड होती. म्हणजे एकच गिऱ्हाईक टिकवणाऱ्याचा फायदा. २०२३ मध्ये सरसकट १० टक्के झाले. मे २०२५ पासून नव्या करारांना शून्य ते १५ टक्के, कामागणिक वेगळे. दर अर्ज करतानाच दिसतो, तेव्हा भाव सांगण्याआधी तो बघा, नाहीतर ती तफावत तुमच्याच खिशातून जाते.

ताशी करार हा या सेवेचा सगळ्यात भक्कम भाग. ट्रॅकर तासाचे दहा-दहा मिनिटांचे सहा तुकडे करतो, प्रत्येक तुकड्यात कधीतरी एक फोटो घेतो आणि कीबोर्ड-माउसची हालचाल मोजतो. या नोंदीवर गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तरी अपवर्क भरून देतं, पण अटी पाळल्या तर. तास ट्रॅकरनेच नोंदलेले हवेत. हाताने भरलेल्या वेळेला संरक्षण नाही. करारात ठरलेली आठवड्याची तासमर्यादा ओलांडायची नाही. प्रत्येक सत्राला काय केलं ते लिहायचं. शेवटची अट सगळे विसरतात आणि नेमकी तिथेच माती खातात. व्हॉट्सॲप उघडं असताना फोटो निघाला तर तो पुसता येतो, पण त्याबरोबर ती दहा मिनिटंही बिलातून जातात. कागदावर विचार करणाऱ्यांची पंचाईत वेगळीच. अर्धा तास डोकं खाजवून एक ओळ दुरुस्त केली तर ट्रॅकरच्या लेखी तुम्ही झोपला होतात.

आठवडा रविवारी मध्यरात्री संपतो, पण यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट, साडेपाच. नोंदी दुरुस्त करायला त्याच संध्याकाळी साडेपाचपर्यंत वेळ असतो. शुक्रवारपर्यंत गिऱ्हाईक बिल तपासतं आणि पुढच्या बुधवारी पैसे काढता येतात. म्हणजे सोमवारी केलेल्या कामाचे पैसे हातात यायला अडीच आठवडे. घराचा हप्ता महिन्याच्या ५ तारखेला असेल तर हे गणित आधी मांडून ठेवा.

ठोक रकमेच्या कामात फोटो नसतात. पैसे आधी एस्क्रोत, म्हणजे काम होईपर्यंत राखून ठेवलेल्या खात्यात पडतात. 'फंडेड' दिसल्याशिवाय कामाला हात लावू नये, हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते पुढचं: फाइल नुसती चॅटमध्ये पाठवली तर घड्याळ सुरूच होत नाही. पैशाची मागणी करणारं बटण दाबून काम सादर केलं तरच १४ दिवसांची मुदत चालू होते आणि गिऱ्हाईक गप्प बसलं तर पैसे आपोआप सुटतात. त्यानंतर आणखी ५ दिवस रोखून धरतात.

आता हातात काय येतं ते बघू. २० डॉलरने ३० तास म्हणजे ६०० डॉलर. १० टक्के आडत, ६०. जीएसटी क्रमांक दिलेला नसेल तर त्या आडतीवर १८ टक्के जीएसटी, १०.८०. भारतीय बँकेत काढायचे ९९ सेंट. उरले ५२८.२१. त्यातून टीडीएस जातो आणि रुपयांत बदलताना भाव बाजारापेक्षा थोडा पडता मिळतो. तो तोटा पावतीवर कुठेच 'शुल्क' म्हणून दिसत नाही. पॅन मात्र पहिल्याच दिवशी भरा. ई-कॉमर्सच्या टीडीएसचा दर ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का आहे, पॅनशिवाय ५ टक्के.

कागदपत्रांची बाजू सगळ्यात कच्ची. पैसे रुपयांत खात्यावर येतात, त्यामुळे परकीय चलन आल्याचा दाखला, एफआयआरए, बँक स्वतःहून देत नाही. मागे लागावं लागतं. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी असेल तर दर वर्षी आरएफडी-११ या अर्जात एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरायची, की निर्यातीवर कर न भरता बिल करता येतं. तिथे हे दाखले लागतातच. डॉलरमध्ये वायर, म्हणजे थेट बँकेतून बँकेत रक्कम, मागवली तर बँक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणारा क्रमांक, विचारते. सॉफ्टवेअर सल्ल्याचा पी०८०२. पण वायरचं शुल्क ९९ सेंटच्या कित्येक पट असतं, तेव्हा मोठी रक्कम साठल्यावरच तो मार्ग घ्यावा.

गिऱ्हाईक ओळखीचं झालं की 'आपण बाहेरच करू' असा निरोप येतोच. नियमाप्रमाणे पहिल्या ओळखीपासून २४ महिने व्यवहार अपवर्कमधूनच करायचा, नाहीतर सुटकेचं शुल्क भरायचं. करार व्हायच्या आधीच टेलिग्रामवर बोलावणारा मात्र गिऱ्हाईक नसतो, भामटा असतो. 'खातं भाड्याने द्या, महिन्याला अमुक डॉलर' म्हणणारे त्याहून वाईट. उत्तर कोरियाचे लोक दुसऱ्यांच्या ओळखीवर अमेरिकी कंपन्यांत दूरस्थ आयटी कामं मिळवत होते, आणि अमेरिकेच्या न्याय खात्याने २०२४-२५ मध्ये अशांवर आणि त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या घरात कंपन्यांचे लॅपटॉप चालू ठेवणाऱ्यांवर खटले भरले आहेत. भाड्याने दिलेलं खातं कायमचं बंद होतं, ते सगळ्यात स्वस्तातलं नुकसान.

एकूण अपवर्कला माझे गुण पाचपैकी साडेतीन. ताशी कामाला चार, ठोक कामाला तीन, कनेक्ट्सना एक. गिऱ्हाइकाशी ऑनलाइन भेटीची वेळ ठरवताना एवढं धरा: न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, आणि नोव्हेंबरात त्यांनी घड्याळं मागे घेतली की साडेसात.