द्राक्षबाग: स्वमुळांवरची की डॉगरिज खुंटावरची?

थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षजातीची काडी थेट रोवून स्वमुळांवर वाढवावी की डॉगरिज खुंटावर (मुळांसाठी लावलेल्या दुसऱ्या जातीच्या द्राक्षवेलीवर) तिचे कलम करावे, हे मुख्यतः पाणी आणि जमीन पाहून ठरवावे. खर्च व खटाटोप यांत स्वमुळांवरची बाग सरस ठरते, कारण तिथे खुंट वाढवून कलम बांधण्याचे आणि जोडाखालचे फुटवे काढत राहण्याचे काम नसते. मात्र पाणी खारे किंवा अपुरे असेल, तर तीच वेल लवकर खंगते; डॉगरिज दोन्ही बऱ्यापैकी सोसतो. त्याचा दोष म्हणजे अतिजोम: भारी जमिनीत नत्र सढळ दिल्यास खरड छाटणीनंतर (काढणीनंतर उन्हाळ्यात होणाऱ्या छाटणीनंतर) पानोरा दाटतो, काडीवर ऊन पडत नाही आणि पुढच्या हंगामाची घडनिर्मिती घटते. गोडे, भरवशाचे पाणी असलेल्या छोट्या बागेला स्वमुळे पुरतात. टँकरवर जगणाऱ्या किंवा क्षारयुक्त विहिरीच्या शेतकऱ्याने डॉगरिजच निवडावा.