एल्गिन रोडवरच्या काचेमागची वाँडरर: कोलकात्याला गेलात तर नेताजी भवन चुकवू नका

मागच्या महिन्यात बाबांना घेऊन कोलकात्याला जाऊन आलो. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, पूर्ण आयुष्य इंजिनात डोकं घालून गेलं, त्यामुळे व्हिक्टोरिया वगैरे त्यांना ठीकठाक वाटलं पण खरं त्यांना बघायची होती ती नेताजींची गाडी, इंग्रजांच्या पहाऱ्यातून ते जिच्यातून निसटले ती. ती नेताजी भवनात, म्हणजे त्यांच्या घराच्या आताच्या म्युझियममध्ये ठेवली आहे. आधीच सांगतो, सोमवारी जाऊ नका, बंद असतं. आम्ही ज्या हॉटेलात उतरलो होतो तिथल्या माणसाने छातीठोक सांगितलं की रोज उघडं असतं, गेलो तर गेट बंद, दिवस वाया गेला. मंगळवारी परत गेलो. मेट्रोचं स्टेशनच नेताजी भवन नावाचं आहे, तिथून चालत जाता येतं. रस्त्याचं नाव आता लाला लजपत राय सरणी आहे पण विचारताना एल्गिन रोडच विचारा, सगळ्यांना तेच माहीत आहे.

घर म्हणजे बोस कुटुंबाचं राहतं घर होतं. तिथे काचेच्या खोलीत ती उभी आहे, वाँडरर डब्ल्यू 24, नंबर बीएलए 7169. 1937 ची जर्मन गाडी. संस्थानिकांच्या रोल्स रॉइससारखा थाट अजिबात नाही, 1.8 लिटरच्या आसपासचं चार सिलिंडरचं इंजिन, पॉवर जेमतेम 42 हॉर्सपॉवर, डॉक्टर वकील लोक वापरत तशी चार दरवाजांची फॅमिली गाडी. आणि माझ्या मते हीच तिची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. घरात नेताजींचे थोरले भाऊ शरदबाबू यांची मोठी स्टुडबेकर गाडी पण होती, पण ती कलकत्त्यात सगळे ओळखायचे, म्हणून ही साधी निवडली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेताजी तेव्हा इंग्रजांच्या पहाऱ्यात घरातच, बाहेर सीआयडीची माणसं रात्रंदिवस, कोपऱ्यावर खाट टाकून बसलेली. जानेवारीच्या अखेरीला कोर्टाची तारीख. पुतण्या शिशिर, वय 20, मेडिकलला शिकणारा, त्याला काकांनी विचारलं माझं एक काम करशील का. पोराने आधी बर्धमानपर्यंत जाऊन येऊन गाडीची ट्रायल घेतली. मग 16 जानेवारी 1941 च्या रात्री, म्हणजे 17 तारीख लागली होती, दीड वाजून गेल्यावर नेताजी लांब कोट, ढगळ पायजमा, काळी फेज टोपी आणि चष्मा अशा वेशात विमा एजंट मोहम्मद झियाउद्दीन बनून मागे डाव्या बाजूला बसले. आता इथे एक बारीक गोष्ट आहे, ती मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडते. शिशिरने आपलं दार आपटून लावलं, पण नेताजींनी आपलं दार लावलंच नाही, नुसतं हाताने धरून ठेवलं. का, तर रात्री दार लागल्याचा आवाज एकदाच यायला पाहिजे, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटेल एकच माणूस गेला. वर त्यांच्या खोलीतला दिवा मुद्दाम तासभर चालू ठेवला होता.

मी बाबांना हे सांगितलं तर ते काहीच बोलले नाहीत, त्या मागच्या दाराच्या हँडलकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, अरे त्या काळातलं कुलूप, ते हलकं लागतच नाही, आपटावंच लागतं, त्या माणसाला हे माहीत होतं. मी इतकी वर्षं ही हकिगत वाचत आलो पण कुलपाचा विचार कधी केला नव्हता. नंतर त्यांचं दुसरं सुरू झालं, रात्रीचं पोरगं एकटं चालवतंय, जवळजवळ 300 किलोमीटर, वाटेत पंक्चर झालं असतं तर रे? सकाळी धनबादजवळ दुसऱ्या पुतण्याच्या घरी, तिथेही नोकरांसमोर अनोळखी माणसासारखं वागायचं, आणि रात्री परत गाडीत बसून गोमोह स्टेशन. तिथून कालका मेल, मग पेशावर, काबूल, आणि पुढे इटालियन पासपोर्टवर ऑर्लांडो माझोट्टा नावाने मॉस्कोमार्गे बर्लिन. जर्मन गाडीतून निघालेला माणूस जर्मनीत पोचला. आमच्याकडे लहानपणापासून आग्र्याहून सुटका ऐकलेली असते, त्यामुळे पेटाऱ्यांची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

रिस्टोरेशनबद्दल. गाडी कित्येक वर्षं नुसती उभी होती. ऑडीच्या मदतीने ती नीट केली आणि जानेवारी 2017 मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते लोकांसमोर आली. ऑडीच का, तर आजच्या ऑडीवर ज्या चार रिंगा दिसतात त्यातली एक वाँडररची, 1932 ला ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्च आणि वाँडरर एकत्र येऊन ऑटो युनियन झाली होती. काम सुंदर झालंय. बाबांनी काचेला नाक लावून पत्रा, रबर, क्रोम सगळं बघितलं आणि मनापासून पास केलं, आणि ते सहज पास करत नाहीत.

वरच्या मजल्यावर त्यांची खोली, पलंग, अभ्यासिका, पत्रं आणि फोटो आहेत, आणि त्या रात्री ते ज्या वाटेने बाहेर पडले तिथे जमिनीवर पावलं काढलेली आहेत. आधी वर जा, पावलांवरून खाली या, आणि शेवटी गाडी बघा. आम्ही उलटं केलं आणि मग परत खाली येऊन गाडीपाशी अर्धा तास थांबलो. मुलांना नेणार असाल तर गोष्ट आधी घरी सांगून न्या, नाहीतर त्यांना ती नुसती जुनी गाडी वाटेल. तिकीट किरकोळ आहे, दोन तास हाताशी ठेवा.

येताना आम्ही मुद्दाम गयामार्गे येणारी मुंबई मेल घेतली. गोमोहला आता नेताजी सुभाषचंद्र बोस गोमोह म्हणतात, 2009 पासून. आमची गाडी तिथे अपरात्री थांबली. सगळा डबा झोपलेला, बाबा कानटोपी घालून दारात उभे. मी म्हटलं उतरू नका, गाडी लगेच सुटते. ते उतरले, चार पावलं चालले, स्टेशनच्या पुलाकडे बघितलं, आणि शिट्टी झाल्यावर परत चढले.