परसातल्या कांद्यासाठी भीमा शक्तीचे बियाणे: एका हंगामाचा अनुभव

राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या भीमा शक्ती या लाल कांद्याचे बियाणे मी म्हापशाच्या बाजारातून आणले आणि फोंड्याजवळच्या आमच्या परसात, पावसाळा पूर्ण सरल्यावर, नोव्हेंबरच्या सुरुवातीला गादीवाफ्यावर पेरले. पहिले पाकीट जुने निघाले. कांद्याच्या बियाण्याची उगवणक्षमता साधारण वर्षभरातच घटते, हे ठाऊक असूनही दुकानदाराने ते मला दिले याचे वाईट वाटले. म्हणून पाकिटावरची तारीख पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुसऱ्या पाकिटातली रोपे मात्र जोमदार आली. सात आठवड्यांनी ती १५ बाय १० सेंटिमीटरवर लावली. आमच्या जांभ्या मातीत पाणी झटकन निचरते, ते कांद्याला मानवते, पण कुजलेले शेणखत भरपूर घालावे लागले.

मार्चअखेरीस निम्म्याहून अधिक माना पडल्या, म्हणजे पाती मानेशी वाकून आडव्या झाल्या आणि कांदा काढणीला आला. पाणी आधीच तोडले होते. उपटलेला कांदा पातीसकट सुकवला. मान बोटांनी दाबली तर कोरडी आणि घट्ट लागे, वरचे साल कागदासारखे वाजे. काही जोडकांदे निघाले, ते लगेच वापरले. उरलेल्यांच्या माळा वळून, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायच्या, इतर सामानाबरोबर, पडवीत वाऱ्यावर टांगल्या आहेत. चवीला तिखटपणा चांगला आहे. यंदाही हेच वाण लावणार आहे, फक्त बियाणे ताजे पाहून घेईन.