लिमातलं लार्को संग्रहालय: गेलो इंका बघायला, अडकलो खतावणीपाशी

पेरूला निघालेला माणूस माचू पिचूच्या, म्हणजे इंकांच्या डोंगरावरच्या जुन्या नगरीच्या नावानं निघतो. आम्हीही तसेच. लिमातले दोन दिवस केवळ विमानं जुळेनात म्हणून ठेवलेले. सहलवाल्यांनी (नाव घेत नाही) लार्को संग्रहालयाला पाऊण तास दिला होता. तेवढ्यात माझं एक दालन होतंय न होतंय तोच गाईड दारात टाळ्या वाजवायला लागला. दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन टॅक्सीनं परत गेलो आणि चार तास काढले.

एक आधीच सांगतो. फक्त इंकांसाठी जाल तर हिरमोड होईल. साम्राज्य म्हणून त्यांचं आयुष्य जेमतेम शंभर वर्षांचं. १४३८च्या सुमारास पाचाकुती हा राजा गादीवर आला आणि १५३२ साली काहामार्का गावात स्पॅनिश पिझारोनं इंकांचा राजा अताहुआल्पाला धरलं. त्याआधी पेरूतल्या मोचे, नास्का, वारी, चिमू अशा संस्कृतींची भलीमोठी रांग आहे, आणि इथली खरी श्रीमंती त्यांचीच. मोचे लोकांची माणसाच्या चेहऱ्याची मातीची भांडी बघाच. कुणाचे गाल बसलेले, कुणी वैतागलेला. आमच्या शाखेतला एक जुना शिपाई मला तिथे हुबेहूब भेटला.

पण मी खिळलो तो किपूपाशी, म्हणजे इंकांच्या गाठी मारलेल्या दोऱ्यांपाशी. छत्तीस वर्षं बँकेत खतावण्या तपासल्या, त्यामुळे असेल. इंकांकडे लिपी नव्हती, सगळा हिशोब दोऱ्यांवर. एक जाड आडवी दोरी आणि तिला लोंबणाऱ्या बारीक दोऱ्या. लोंबत्या दोरीवर सगळ्यात खाली एकं, त्यावर दहं, त्यावर शतं. दहं-शतंच्या साध्या गाठी. एकंच्या गाठीला मात्र जितका आकडा तितके वेढे. एका वेढ्याची गाठ म्हणजे साधीच गाठ होणार, म्हणून १ साठी इंग्रजी आठाच्या आकाराची वेगळी गाठ. शून्य असेल तिथे दोरी मोकळी. आणि एकंची गाठ निराळी असल्यामुळे आकडा कुठे संपला ते बोटांनाही कळतं! काही किपूंमध्ये तर एका दोरीवर बाकीच्या दोऱ्यांची बेरीज मारलेली असते. मी काचेला नाक लावून मोजत होतो. ‘बाबा, टॅली झालं का?’ लेकीनं विचारलं. झालं नाही. चष्मा हॉटेलवर राहिला होता. सगळेच किपू या हिशोबात बसत नाहीत म्हणे. काहींच्या गाठी आकड्यांच्या नाहीतच, आणि त्या आजवर कुणाला वाचता आलेल्या नाहीत.

इंकांचा मोठा रांजणही बघण्यासारखा आहे. बूड टोकदार, कमरेशी दोन कान आणि खांद्यावर मातीचं बोंडुक. दोरी कानांतून घालून बोंडकात अडकवायची आणि मक्याच्या दारूनं भरलेला रांजण पाठीवर घ्यायचा. शोभेची नक्षी वाटते ती खरं तर खुंटी.

कोठाराची खोली चुकवू नका. बहुतेक संग्रहालयं उरलेला माल कुलपात ठेवतात, इथे तो जमिनीपासून छतापर्यंत काचेच्या कपाटांत उघडा मांडलाय. पक्षी एकीकडे, प्राणी एकीकडे, माणसं एकीकडे. हजारो भांडी. शेवटी शेवटी डोळे शिणतात हे खरं.

१९२६ साली राफाएल लार्को यांनी संग्रहालय काढलं. आत्ताची जागा म्हणजे अठराव्या शतकातला पांढराशुभ्र वाडा, अंगणात बोगनवेल नुसती ओसंडतेय. पाट्या इंग्रजीतही आहेत, त्यामुळे गाईडची गरज नाही. तीन तास तरी हातात ठेवा.

आणि हो, शृंगारिक भांड्यांचं दालन वेगळं आहे. आम्ही बापलेक दारापर्यंत गेलो. ‘बाबा, तुम्ही बघून या, मी कॉफी सांगते,’ ती म्हणाली. मी आलो, मग ती गेली. कॉफीही चांगली होती.