एक्सेल ३६५ : मास्टर चार्ट भरायला एक नंबर, पण थेसिसचं अ‍ॅनालिसिस यात करू नका

डॉक्टरांच्या थेसिसचा सीझन आला की एक प्रश्न हमखास येतो, मास्टर चार्ट (सगळ्या पेशंटची माहिती भरलेला तक्ता) एक्सेलमधेच आहे ना, मग अ‍ॅनालिसिस पण तिथेच उरकलं तर काय बिघडलं? बरंच काही बिघडू शकतं, म्हणून हा रिव्ह्यू फक्त रिसर्चच्या नजरेने लिहितेय. ऑफिसचा हिशोब, पगारपत्रक, सोसायटीचा मेंटेनन्स यासाठी एक्सेल कसं आहे हा इथला विषय नाही.

आधी जे चांगलं आहे ते मोकळेपणाने सांगते. डेटा भरायला याच्याइतकं सोपं काही नाही. डेटा व्हॅलिडेशन लावून ड्रॉपडाऊन दिला की कोणी "मेल", कोणी "पुरुष", कोणी नुसतं "पु" असं भरत नाही, हिमोग्लोबिनला ३ ते २० ची मर्यादा घातली की ११२ टाइप झालं तर तिथल्या तिथे अडवतं, कंट्रोल टी दाबून टेबल केलं की नवीन ओळ फॉर्म्युल्यात आपोआप धरली जाते. ओपीडीत पेशंट समोर बसलेला असताना रेसिडेंटला हेच लागतं, एन्ट्रीला माझे पाच पैकी चार स्टार.

आता खरा त्रास. एक्सेल तुम्ही टाइप केलेली गोष्ट स्वतःच्या समजुतीने बदलतं आणि तोंडातून शब्द काढत नाही. औषधाच्या डोसचा कॉलम करा आणि त्यात १-०-१ टाका, ते तसंच राहील, कारण शून्यावा महिना नसतो. खालच्या ओळीत १-१-१ टाका, त्याची झाली तारीख, १ जानेवारी २००१. म्हणजे एकाच कॉलममधे दिवसातून दोनदा गोळी घेणारा पेशंट नीट आहे आणि तीनदा घेणारा थेट कॅलेंडरमधे गेलाय. वयोगटाचंही तेच, आपल्याकडच्या सेटिंगमधे ५-९ चा ५ सप्टेंबर होतो पण १५-१९ जसाच्या तसा, त्यामुळे वरवर नजर टाकली तर कॉलम ठीकच वाटतो. आभाचा, म्हणजे सरकारी हेल्थ आयडीचा, १४ आकडी नंबर डॅशशिवाय टाकला तर तो दशांश आणि ई वाल्या रूपात (१.२३४५७ई+१३ असा) दिसायला लागतो, आत नंबर शाबूत असतो, पण तीच फाईल सीएसव्ही (नुसत्या मजकुराची साधी फाईल) म्हणून सेव्ह केली की जे दिसतंय तेच सेव्ह होतं आणि मूळ नंबर गेला. फाईल बंद केल्यावर परत आणायचा मार्ग नाही.

हे फक्त आपल्याकडच्या घाईत केलेल्या थेसिसचं नाहीये. जेनेटिक्सवाल्यांना हा त्रास २००४ पासून माहीत आहे, त्या वर्षी बीएमसी बायोइन्फॉरमॅटिक्समधे पेपर आला की डीईसी१ नावाच्या जीनची १ डिसेंबर होते. २०१६ मधे ऑस्ट्रेलियातल्या झीमन आणि सहकाऱ्यांनी जीनोम बायोलॉजीत दाखवलं की जीनच्या याद्या एक्सेलमधे जोडलेल्या पेपर्सपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात अशा चुका आहेत, आणि ही नावाजलेली, पिअर रिव्ह्यू झालेली जर्नल्स. पुढे २०२१ चा त्यांचा पेपर आला त्यात प्रमाण कमी व्हायच्या ऐवजी ३० टक्क्यांच्या वर गेलेलं होतं!! त्याच्या आधीच, २०२० मधे, जीनना नावं देणाऱ्या कमिटीने नावंच बदलली, मार्च१ चा मार्चएफ१ केला, सेप्ट१ चा सेप्टिन१. सॉफ्टवेअर बदलेना म्हणून माणसाच्या जीनचं नाव बदलावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर २०२३ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने सेटिंग दिलं. फाईल, ऑप्शन्स, डेटा, तिथे ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन असा भाग आहे, पुढचे शून्य काढणं, मोठे आकडे ई मधे नेणं, अक्षर-आकड्यांची तारीख करणं हे सगळं वेगवेगळं बंद करता येतं. खूप उशिरा आलं पण आलं, आणि ज्यांच्याकडे ३६५ आहे त्यांनी एन्ट्रीच्या आधी हे बंद करून टाकावं. पण याच्या भरवशावर राहू नका. मुळात ते चालूच येतं, तुम्हाला जाऊन बंद करावं लागतं. मॅक्रोमधून (एक्सेलमधे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम) डेटा आला तर ते लागू होत नाही. आणि सेटिंग फाईलला नसून तुमच्या एक्सेलला आहे, तुम्ही बंद केलं, पण को-गाईडने तुमची सीएसव्ही स्वतःच्या लॅपटॉपवर उघडून सेव्ह केली की ये रे माझ्या मागल्या. डिपार्टमेंटच्या पीसीवर जुनं एक्सेल २०१६ किंवा २०१९ असेल तर हे सेटिंगच नाही.

फॉर्म्युल्यांचं वेगळंच. सगळ्यात गाजलेलं उदाहरण हार्वर्डच्या राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचं, २०१० चा पेपर, देशाचं कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ खुंटते असा निष्कर्ष, आणि युरोप-अमेरिकेत काटकसरीच्या धोरणाची बाजू मांडायला तो सर्रास वापरला गेला. २०१३ मधे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या पीएचडीच्या विद्यार्थ्याने मूळ शीट मागवून घेतली आणि बघतो तर सरासरीचा फॉर्म्युला एल ३० ते एल ४९ ऐवजी एल ४४ लाच थांबलेला, ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क पाच देश बाहेर. त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी सगळं दुरुस्त करून काढलेला, ९० टक्क्यांवर कर्ज असलेल्या देशांच्या वाढीचा आकडा उणे ०.१ ऐवजी २.२ टक्के आला. आता हा सगळा फरक एकट्या एक्सेलचा नव्हता हेही सांगायला हवं, त्यातला मोठा भाग डेटा वगळण्याचा आणि वेटेजचा (कोणत्या देशाला किती वजन द्यायचं) होता, फॉर्म्युल्याची चूक साधारण ०.३ पॉइंटची. पण ती चूक तीन वर्षं कोणाला दिसली नाही, कारण शीटमधे समोर दिसतो तो फक्त आकडा, त्याच्या मागचं गणित बघायला एकेका सेलवर क्लिक करत बसावं लागतं. रिसर्चसाठी माझा मोठा आक्षेप हाच आहे, काय केलं त्याचा माग राहत नाही.

आपल्या मास्टर चार्टमधे नेहमी दिसणारी गोष्ट म्हणजे छान दिसावं म्हणून मधे सोडलेला रिकामा कॉलम. अलीकडे पेशंटची माहिती, पलीकडे लॅब रिपोर्ट. एक दिवस कोणीतरी वयाप्रमाणे सॉर्ट करतं, रिकाम्या कॉलमच्या अलीकडचा भागच हलतो, पलीकडचा जागेवर, आणि एकाची शुगर दुसऱ्याच्या नावावर! एरर नाही, लाल रंग नाही, पी व्हॅल्यू (फरक योगायोगाचा आहे का ते तपासायचा आकडा) सुद्धा निघते. तसंच "११.२ ग्रॅम" असं भरलेला सेल टेक्स्ट धरला जातो आणि सरासरी काढताना गुपचूप वगळला जातो, आलेली सरासरी कमी पेशंटची असते आणि तुम्ही टेबलखाली एन (पेशंटची संख्या) बरोबर शंभर लिहून मोकळे.

ओळींची मर्यादा थेसिसवाल्यांना सहसा आडवी येत नाही, पण मोठ्या सर्व्हेवाल्यांनी ऐका. जुन्या एक्सएलएस फाईलमधे ६५,५३६ च ओळी मावतात. २०२० मधे इंग्लंडच्या पब्लिक हेल्थ खात्याने कोविडचे रिपोर्ट त्याच जुन्या फॉरमॅटमधे ओढले, एका केसला अनेक ओळी लागत होत्या, मर्यादेपुढचं गळून गेलं आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबरच्या १५,८४१ केसेस रोजच्या आकड्यात आल्याच नाहीत. त्या लोकांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेवर गाठता आलं नाही. आपल्याकडे अजूनही किती फाईली एक्सएलएस म्हणून फिरतात बघा.

मराठीत डेटा भरणाऱ्यांसाठी एक खास सूचना, गावांची नावं, ओपन एंडेड उत्तरं देवनागरीत असतील तर साध्या सीएसव्हीत सेव्ह करू नका, सगळ्याची प्रश्नचिन्हं होतात. सेव्ह अ‍ॅजमधे यूटीएफ-८ वाला सीएसव्ही वेगळा दिलाय, तोच घ्या.

मग अ‍ॅनालिसिस कशात करायचं? मी सगळ्यांना जामोवी सांगते, फुकट आहे, माऊसने चालतं, आणि डेटा, केलेल्या टेस्ट, रिझल्ट सगळं एकाच फाईलमधे राहतं, गाईडने सहा महिन्यांनी विचारलं तरी दाखवता येतं. थोडी शिकायची तयारी असेल तर आर नावाचं सॉफ्टवेअर, तेही फुकट. सीएसव्ही नुसती उघडून बघायची असेल तर लिब्रे ऑफिस बरं, उघडतानाच प्रत्येक कॉलम टेक्स्ट आहे की तारीख ते ठरवू देतं. एक्सेलला अ‍ॅनालिसिससाठी माझ्याकडून दोन स्टार, त्यातला एक नवीन सेटिंगला.

चार्ट आधीच भरून झाला असेल तर पुढे पाठवण्याआधी एवढं करा. फिल्टर लावा आणि प्रत्येक कॉलमच्या बाणावर क्लिक करून आतली यादी वाचा. डोसच्या किंवा वयोगटाच्या कॉलममधे २००१ किंवा एन्ट्री केली त्या वर्षाचा गट दिसला तर तिथे तारीख घुसलीय, मूळ केस पेपर काढून तेवढ्या ओळी परत भरा. कॉलम टेक्स्ट करून ती दुरुस्त होत नाही, पाच आकडी भलताच नंबर येतो.