‘रंग पातळ करायची गरजच नाही’ म्हणणाऱ्या स्प्रेयरने मला कसं गंडवलं

फसवणूक नेमकी कुठे झाली हे कळायला मला सतरा दिवस लागले. स्प्रेयरसोबत एवढासा प्लॅस्टिकचा कप आला होता, ती त्या कपात होती.

घरातली सहा दारं, त्यांच्या चौकटी आणि स्कर्टिंगच्या लाकडी पट्ट्या मला पांढऱ्या करायच्या होत्या. ब्रशने एक दार करून पाहिलं. तिरप्या उजेडात ब्रशची रेघन् रेघ मोजता येत होती. त्याच आठवड्यात मोबाइलवर जाहिरातीचा व्हिडिओ आला. एक माणूस डब्यातला रंग थेट स्प्रेयरच्या भांड्यात ओततो, दोन हात फिरवतो आणि कपाटाचं शटर आरशासारखं चमकायला लागतं. खाली लिहिलेलं: 700 वॅट, चार नोझल, कुठलाही रंग, थिनर नको, पाणी नको. सवलत त्या रात्री बारापर्यंतच. मी अकरा वाजता पैसे भरले. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा की मी हिशेबनीस आहे आणि रोज दुसऱ्यांची बिलं तपासते.

माहिती नसणाऱ्यांसाठी आधी त्या कपाबद्दल सांगते. रंग किती घट्ट आहे हे कपाने मोजतात. कप काठोकाठ भरायचा, तळाच्या भोकावरचं बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. सेकंद जितके जास्त, तितका रंग घट्ट. माझ्या यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की 100 सेकंदांपर्यंतचा रंग चालेल. मी वॉटर बेस इनॅमल डब्यातून काढून मोजला, तर 38 सेकंद. म्हणजे यंत्राच्या मर्यादेत कितीतरी आत! पाणी घालायचा प्रश्नच मिटला.

पहिलं दार दोन स्टुलांवर आडवं ठेवलं. 320 नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं, पुसलं, भिंतींना प्लॅस्टिक लावलं. गन पृष्ठभागापासून 15 ते 20 सेंटिमीटरवर, हात सरळ रेषेत, ट्रिगर दाराच्या कडेबाहेर दाबायचा आणि कडेबाहेरच सोडायचा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. हे सगळं वाचून, जुन्या पुठ्ठ्यावर गिरवून मगच सुरुवात केली होती. तरी गन थुंकायला लागली. थुंकायला हाच शब्द बरोबर आहे. मधूनच डाळीच्या दाण्याएवढे थेंब उडायचे, मग नुसती हवा, मग पुन्हा थेंब. वाळल्यावर सगळं दार संत्र्याच्या सालीसारखं खडबडीत झालं, आणि पॅनेलच्या खाचेत ओघळ.

विक्रेत्याला फोन केला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलायचा. “मॅडम, हात बसायला वेळ लागतो. पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं.”

हे अगदी खरं आहे, आणि त्याची सगळी फसवणूक याच खऱ्यावर उभी होती. स्प्रेला खरंच सराव लागतो. नवख्या माणसाला आपलाच हात चुकतोय असं वाटतं, तो आणखी सराव करतो, आणि माल परत करायचे दिवस निघून जातात. मी दुसरं दार केलं. तिसरं केलं. नोझल बदलून पाहिलं, काही फरक नाही. पाचव्या दिवशी मी चिडले, तेव्हा तो म्हणाला, “तुमच्या रंगाचा प्रॉब्लेम आहे. आमचं फ्लो बूस्टर पाठवतो, थोडेच पैसे पडतील.” परतीची मुदत सात दिवसांची होती. बाटली आली नवव्या दिवशी.

झाकण उघडलं आणि थिनरचा वास नाकात गेला. वॉटर बेस रंगात थिनर मिसळत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बाटलीवर लिहिलं होतं तेवढं घातलं, ढवळलं, आणि भांड्यात दूध नासल्यासारखे गोळे झाले.

पुढच्या फोनवर त्याने दिलेला सल्ला तर आजही अंगावर काटा आणतो. “मग एनसी लॅकर वापरा ना, पातळ असतं, मस्त फिनिश येतं.” एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज, हे लॅकर एनसी थिनर घालून फवारतात. दुकानात जायला मी निघालेच होते. सहज पुस्तिका पुन्हा चाळली, तर शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत होतं: ज्वलनशील द्रव वापरू नयेत. एनसी थिनरमध्ये बहुधा टोल्युइन, ॲसिटोन अशी द्रावकं असतात. टोल्युइनची वाफ 4 अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी होते, ॲसिटोनची शून्याखाली 20 अंशांना. आणि हाताएवढ्या या यंत्रात कार्बन ब्रशची मोटर, जिच्यात चालताना ठिणग्या पडतच असतात. बंद खोलीत मी ते फवारलं असतं. पैसे गेले ते गेले, पण हा सल्ला देणाऱ्याला मी माफ केलेलं नाही.

शेवटी ओळखीच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, “ताई, आधी तो कप दाखवा.” खिशातून ड्रिल बिट काढून त्यांनी कपाच्या भोकात घातला. 6 मिलिमीटरचा बिट आरामात आत गेला. मग स्वतःचा ॲल्युमिनियमचा कप काढला. सेकंदांचे आकडे ज्या डीआयएन (जर्मन मानकाच्या) कपावर देतात, त्याचं भोक 4 मिलिमीटरचं असतं आणि त्यातून साधं पाणी जायला साधारण 10-11 सेकंद लागतात. माझ्या कपातून पाणी पाच सेकंदांच्या आत संपलं. माझा 38 सेकंदांचा रंग त्यांच्या कपात ओतला, तर दोन मिनिटांनीसुद्धा धार चालूच होती.

मोजमापच खोटं, म्हणून यंत्राचा दावा खरा वाटत होता. घट्ट रंगाचं तुषार होत नाही, मोठे थेंब पडतात, ते पसरून एक होण्याआधीच वरून सुकायला लागतात. खडबडीत सालीचं कारण तेच.

मग आम्ही बाकीचंही उकरलं. चार नोझलवर 1, 1.5, 1.8 आणि 2.6 असे भोकाच्या मिलिमीटरचे आकडे कोरलेले. चारहींत 2.5 चा बिट गेला, 3 चा एकातही नाही. म्हणजे एकच नोझल, चार नंबर. प्लगला वीज मोजायचं मीटर लावलं. 700 वॅटचं यंत्र ट्रिगर पूर्ण दाबूनही 340 च्या वर गेलं नाही. मोटर अर्ध्या ताकदीची, तर हवा कुठून येणार? काकांनी तो जाहिरातीचा व्हिडिओसुद्धा पाहिला आणि एका जागी थांबवला. टेबलाखाली क्षणभर निळा होज, म्हणजे हवेची नळी, दिसतो. फवारणी कॉम्प्रेसरच्या गनने चालली होती, मोटरचा आवाज वरून जोडलेला. मी तो व्हिडिओ निदान वीस वेळा पाहिला असेन.

परतीसाठी उत्तर आलं: रंग लागलेला माल परत घेतला जात नाही. रंग न लावता स्प्रेयर तपासायचा कसा, असं मी विचारलं. त्याला उत्तर काकांकडे होतं, आणि ते मला पहिल्या दिवशीच हवं होतं. भांड्यात नुसतं पाणी भरा, पुठ्ठ्यावर मारा. पट्टा सारखा पडतो की गन थुंकते ते दोन मिनिटांत कळतं, आणि यंत्र कोरं राहतं. खोका फोडल्यापासून पाण्याच्या चाचणीपर्यंतचा व्हिडिओ न तोडता काढा. नोझलमध्ये बिट घाला, कप पाण्याने तपासा. हे सगळं माल आला त्याच दिवशी, गोड बोलणाऱ्याला फोन लावायच्या आधी.

माझ्याकडे असलं काहीच नव्हतं, त्यामुळे तक्रार करूनही पैसे आले नाहीत. विक्रेत्याचं पान आता उघडत नाही. व्हिडिओ मात्र तोच, वेगळ्या नावाने फिरतोय. यंत्राचा रंग तेवढा नारिंगीचा हिरवा झालाय.

तीन दारं घासून पुन्हा सपाट करायला चार संध्याकाळी गेल्या. रंग काकांनीच त्यांच्या गनने मारला. आधी तो गाळून घेतला, मग थोडं थोडं पाणी घालत, दर वेळी कपाने मोजत. ट्रिगर दाबण्याआधीच अर्धा तास गेला त्यात. माझा सहा मिलिमीटरवाला कप अजून घरात आहे. बाटलीत फिनेल ओतायला नरसाळं म्हणून छान चालतो.