विंगस्पॅन: पट काय शिकवतो आणि पुस्तिकेत काय राहून जाते

विंगस्पॅन या पटावर कार्डांनी खेळायच्या खेळाविषयी लिहिताना पक्ष्यांच्या चित्रांचे आणि रंगीत अंड्यांचे कौतुक करून थांबायचे, असा जणू शिरस्ताच पडला आहे. ते कौतुक रास्त आहे आणि त्यात मी भर घालणार नाही. मला या परीक्षणात एकच गोष्ट तपासायची आहे. ज्यांनी हा खेळ पूर्वी पाहिलेलाही नाही, अशा माणसांना केवळ पेटीतल्या सामग्रीच्या आधारावर तो मांडता येतो का, आणि पहिल्याच डावात बिनचूक खेळता येतो का? खेळ कितीही देखणा असला, तरी तासभर नियम वाचूनही पहिली पाळी कोणी सुरू करेना, तर ती पेटी पुढे फळीवरच राहते.

एलिझाबेथ हारग्रेव्ह यांनी रचलेला हा खेळ स्टोनमायर गेम्सने 2019 साली बाजारात आणला. त्याच वर्षी त्याला जर्मनीतील ‘केनरश्पील देस याहरेस’ हा पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार थोड्याफार सरावलेल्या खेळाडूंसाठीच्या खेळांना दिला जातो, म्हणजे परीक्षकांनीही या खेळाला अगदी नवख्यांचा खेळ मानले नव्हते. एक ते पाच जणांना तो खेळता येतो. मूळ संचात उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांची 170 कार्डे आहेत आणि त्यांतले प्रत्येक वेगळे आहे. शिकवणाऱ्याची खरी अडचण इथेच आहे. इतकी कार्डे आधी समजावून सांगणे अशक्य असते, म्हणून कार्ड वाचायचे कसे एवढेच शिकवावे लागते आणि बाकीचे डावावर सोडावे लागते.

मांडणी पहिल्यांदा वेळखाऊ आहे. फासे टाकण्याचा पुठ्ठ्याचा मनोरा जोडायचा, टोकने पुठ्ठ्यातून सुटी करायची, अंडी झाकणाच्या डब्यांत भरायची, यात आमचा पाऊण तास गेला. मात्र ते काम एकदाच करावे लागते, पुढच्या वेळी दहा मिनिटांत पट तयार होतो. प्रत्येक खेळाडूपुढे एक पट येतो. मध्ये उघड्या तीन पक्ष्यांची तबकडी, पाच फाशांचा मनोरा आणि चार फेऱ्यांच्या उद्दिष्टांची पाटी राहते. मग प्रत्येकाला पाच पक्षी, पाच प्रकारच्या अन्नाचे एकेक टोकन आणि दोन बोनस कार्डे (डावाअखेर जादा गुण देणारी) मिळतात. त्यांतले एक बोनस कार्ड ठेवायचे. पक्षी आणि अन्न मिळून मात्र पाचच नग ठेवता येतात, म्हणजे जितके पक्षी ठेवू तितकी टोकने परत करावी लागतात. या एका निर्णयाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण माझी मुख्य तक्रार त्याच्याशी निगडित आहे.

आता स्तुतीची बाजू. या खेळातले निम्म्याहून अधिक नियम सांगावेच लागत नाहीत, कारण ते पटावर छापलेले तरी आहेत किंवा वस्तूंच्या हालचालीतच बसवलेले आहेत. पाळी आली की खेळाडूपुढे चारच खेळ्या असतात: पक्षी मांडणे (त्याला लागणारे अन्न मोजून), जंगलातून अन्न घेणे, गवताळ प्रदेशात अंडी घालणे आणि पाणथळ जागेतून नवी कार्डे घेणे. पुढच्या स्तंभात पक्षी मांडण्यासाठी किती अंडी मोजायची, हे त्या स्तंभाच्या माथ्यावरच चित्रात दिसते. पहिला स्तंभ फुकट, पुढचे दोन एकेका अंड्याचे आणि शेवटचे दोन प्रत्येकी दोन अंड्यांचे.

याहून सुंदर उदाहरण ठोकळ्यांचे आहे. प्रत्येकाजवळ आठ ठोकळे असतात आणि एक ठोकळा म्हणजे एक पाळी. फेरी संपली की उद्दिष्टांच्या पाटीवर आपला क्रमांक किंवा गुण दाखवण्यासाठी त्यांतला एक ठोकळा तिथे ठेवावा लागतो आणि तो तिथेच अडकून पडतो. त्यामुळे पहिल्या फेरीत आठ, दुसरीत सात, तिसरीत सहा आणि चौथीत पाच अशा एकूण 26 पाळ्या होतात. हा हिशेब कोणाला पाठ करावा लागत नाही आणि कोणी चुकवूही शकत नाही, कारण हातातले ठोकळे संपले की फेरी संपलेली असते. मी आजवर शिकलेल्या खेळांत इतका गुपचूप शिकवून जाणारा नियम क्वचितच पाहिला आहे.

एक पाळी जवळून पाहिली की ही रचना अधिक स्पष्ट होते. आमच्याबरोबर पहिल्यांदाच खेळणाऱ्या एका मैत्रिणीच्या गवताळ प्रदेशात दोन पक्षी होते. तिने ठोकळा त्या ओळीतल्या डावीकडून पहिल्या रिकाम्या चौकटीत, म्हणजे तिसरीत, ठेवला. तिथे तीन अंड्यांचे चित्र होते, म्हणून तिने तीन अंडी घेऊन पक्ष्यांवर ठेवली. मग ठोकळा डावीकडे सरकवत आधी दुसऱ्या आणि नंतर पहिल्या पक्ष्यावर नेला आणि वाटेत लागलेल्या प्रत्येक तपकिरी पट्टीतला, म्हणजे कार्डावर छापलेल्या पक्ष्याच्या शक्तीचा, मजकूर वाचून तेवढी कृती केली. ओळीत पक्षी जितके जास्त, तितका लाभ मोठा आणि परतीच्या वाटेवरची कामेही जास्त. हा खेळाचा गाभा तिला कोणी शब्दांत सांगितला नव्हता, तो तिला बोटाखालच्या ठोकळ्याने सांगितला. तिसऱ्या फेरीपर्यंत ती आमच्याहून वेगाने खेळत होती, हे कबूल करायला हवे.

ज्या नियमांना पटावर अशी जागा मिळालेली नाही, तिथे मात्र आम्ही हमखास घसरलो. तबकडीतला पक्षी उचलल्याबरोबर रिकामी जागा भरायची नसते, ती पाळी संपल्यावरच भरायची असते. आम्ही पहिला अख्खा डाव प्रत्येक कार्डानंतर जागा भरत राहिलो आणि दोन कार्डे घेणाऱ्याला नकळत जास्तीची निवड देत राहिलो. फेरीअखेर तबकडीतली उरलेली तिन्ही कार्डे काढून नवी मांडायची असतात, ते दोनदा विसरलो. मनोऱ्यात उरलेल्या सगळ्या फाशांवर एकच चित्र असेल, किंवा एकच फासा उरला असेल, तर अन्न घेण्यापूर्वी सगळे फासे पुन्हा टाकता येतात. एका फाशाने अडवून धरलेल्या खेळाडूला हे दुसऱ्या दिवशी पुस्तिका चाळताना कळले आणि त्याची हळहळ साहजिकच होती. यातला एकही नियम पुस्तिकेत लपवलेला नाही. पुस्तिका मोठ्या अक्षरांत, भरपूर चित्रांसह आणि योग्य क्रमाने लिहिलेली आहे. वाचून झालेले ऐन वेळी आठवले नाही, एवढेच. दोष आमचा होता. तरीही चुका कुठे झाल्या आणि कुठे झाल्या नाहीत, यांची विभागणी इतकी स्वच्छ होती, की ती नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

नवख्यांसाठी ‘स्विफ्ट स्टार्ट’ नावाचा एक छोटा संच आहे, तो माझ्या पेटीतच होता. त्यात दहा ठरलेले पक्षी आणि चार मार्गदर्शिका आहेत. प्रत्येक खेळाडूने आपली मार्गदर्शिका उघडायची आणि पहिल्या चार पाळ्या तीत सांगितल्याप्रमाणे खेळायच्या. नियमपुस्तिका न वाचलेली माणसे त्यामुळे लगेच खेळायला लागतात, पानापानावर अडत नाहीत आणि चारही खेळ्या एकदा हाताखालून जातात. तेवढ्या मर्यादेत हा संच उत्तम आहे. पण मार्गदर्शिका सुरुवातीचे पक्षी आणि अन्नही ठरवून देते, त्यामुळे डावातला पहिला आणि माझ्या मते सर्वांत अवघड निर्णय नवख्याच्या वाट्याला येतच नाही. हातातले तीन पक्षी ठेवायचे, तर अन्नाची दोनच टोकने उरतात. ती दोन त्या तिघांपैकी कोणाच्या कामी येतील, हा विचार न करता पहिल्या चार पाळ्या पार पडतात आणि पाचव्या पाळीला माणूस एकदम उघड्यावर पडतो. आमच्या मैत्रिणीने त्या क्षणी मार्गदर्शिका उलटून पाठीमागे आणखी काही लिहिले आहे का ते पाहिले होते.

म्हणून माझी पद्धत अशी ठरली आहे. या संचाच्या आधाराने फक्त पहिली फेरी खेळायची. ती संपल्यावर सगळे आवरून, कार्डे पिसून, नव्याने पाच कार्डे वाटायची आणि खरा डाव सुरू करायचा. वीसेक मिनिटे खर्च होतात, पण पाच पक्षी हातात आल्यावर नवखा त्यांच्याकडे पाहून काही विचार करू शकतो, कारण अन्न कुठून येते आणि अंडी कुठे लागतात हे त्याने पाहिलेले असते. उद्दिष्टांच्या पाटीच्या दोन बाजूंपैकी पहिल्या डावात निळी वापरावी. तिच्यावर जितके साधले तितके गुण मिळतात, कमाल पाच. हिरव्या बाजूवर इतरांशी तुलना करून क्रमांक लावावे लागतात, त्यात नवखे उगीच मागे पडतात. शिकवणाऱ्याने आदल्या दिवशी एकट्याने पट मांडून दोन फेऱ्या खेळून पाहाव्यात. एकट्याच्या डावासाठी ऑटोमाची, म्हणजे कार्डांवर चालणाऱ्या काल्पनिक प्रतिस्पर्ध्याची, वेगळी कार्डे आहेत, पण केवळ नियम पक्के करायचे असतील तर दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळणे सोपे पडते.

बोनस कार्डांची आणि पक्ष्यांच्या शक्तींची खुलासेवार माहिती वेगळ्या परिशिष्टात दिली आहे आणि हा निर्णय शहाणपणाचा आहे, कारण मुख्य पुस्तिका त्यामुळे आटोपशीर राहिली आहे. चौथ्या डावाला आमच्यात आणखी एक नवे गृहस्थ आले, तेव्हा मी मुख्य पुस्तिका पेटीबाहेर काढलीच नाही. परिशिष्ट मात्र एकदा उघडावे लागले, तेही एका गुलाबी पट्टीच्या पक्ष्यासाठी. अशा पक्ष्याची शक्ती आपल्या पाळीत चालत नाही. दुसऱ्याने ठरावीक खेळी केली की दोन पाळ्यांच्या मधल्या काळात ती एकदाच चालते. ठोकळा त्या पक्ष्यावरून सरकला तरी तिथे करायचे काहीच नसते, त्यामुळे तीन फेऱ्या होऊनही ती कोणालाच आठवली नव्हती.